वहिनीनं नाव घेतलं आणि तारा तुटला

साल एकाहत्तर, आणि मी सतरा वर्षांचा. शाळा तोवर केव्हाच सुटली होती. चौथीत मास्तरांनी विनाकारण छडी मारली, मी ती त्यांच्याच हातातून ओढून गुडघ्यावर मोडली आणि घरी आलो, तो पुन्हा त्या दाराकडे फिरकलो नाही. बाबांनी त्या दिवशी मला मारलं नाही. हातात लाकडी मोगरी दिली आणि म्हणाले, "खूब शिकला. बस आता इथं." तेवढंच माझं शिक्षण. या लिखाणातलं शुद्धलेखन नातवानं तपासलं आहे, बाकी अक्षर न् अक्षर माझं. तो म्हणाला, आजोबा, हे प्रकरण काढून टाका, घरातल्या गोष्टी चारचौघात कशाला. मी काढलं नाही. घरातलीच गोष्ट आहे म्हणून लिहितो आहे. बाहेरच्या गोष्टी लिहायला शिकलेली माणसं पुष्कळ आहेत.

आमचं घर इतवारीत, भांडेवाल्यांच्या गल्लीत. पुढे कारखाना, मध्ये अंगण, मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. कारखाना म्हणायचं एवढंच; एक भट्टी, एक भाता, जमिनीत गाडलेल्या तीन ऐरणी आणि भिंतीभर टांगलेली तांब्या-पितळेची भांडी. बाबा, माझा मोठा भाऊ मारोती आणि मी, तिघं घागरी, पाण्याचे गुंड, पातेली ठोकायचो. सकाळी उजाडलं की गल्लीत पहिला ठोका आमचा पडायचा आणि मग घरोघरी सुरू व्हायचं. दोन माणसं बोलायची तर ओरडूनच बोलायची, त्यामुळे आमच्या गल्लीतली माणसं लग्नात गेली की तिथंही ओरडायची. प्रत्येकाचा हात वेगळा वाजतो. माझी आत्या मागच्या खोलीत वाती वळता वळता सांगायची, हा मारोती, हा नाम्या, हा माहा भाऊ. नाम्या म्हणजे मी. आमची आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे आत्याच घराची मालकीण. ती विधवा होऊन आमच्याकडे आली तेव्हा तिचं वय पंधरा होतं असं म्हणतात. त्यानंतर तिनं कोणाला हसू दिलं नाही.

ठोके बंद पडायचे ते फक्त कोणी मेलं तर. सुतक फिटेपर्यंत त्या घरात हातोडी उचलायची नाही, भट्टी पेटवायची नाही, हा गल्लीचा कायदा. एखाद्या सकाळी एखादं घर मुकं राहिलं की विचारायला लागायचं नाही. माणसं टोपी सारखी करून, तोंड बारीक करून त्या दाराशी जमायची. आणि कोणाकडे ठोका वाजतो आहे म्हणजे तिथं सगळे जिवंत आहेत, हेही तितकंच पक्कं.

बाबांच्या हाताखाली शिकणं म्हणजे काय ते सांगतो. भांडं बिघडलं तर ते ओरडायचे नाहीत. ज्यानं बिघडवलं त्यालाच ते ऐरणीवर आडवं धरून चपटं करायला लावायचे, आणि तेही गिऱ्हाईक समोर असताना. तासन् तास घडवलेली घागर आपल्याच हातानं ठेचायची. बाबा बाजूला बसून पान लावायचे आणि म्हणायचे, "अजून थोडी. नाक राह्यलं तिचं." भाऊ तेव्हा चोवीस वर्षांचा होता, लग्न होऊन वर्ष झालं होतं. एकदा त्याच्या घागरीच्या गळ्याला बारीकशी चीर गेली. बाबांनी ती सगळ्या गल्लीदेखत त्याला चपटी करायला लावली. वहिनीला मुद्दाम अंगणातून बोलावून घेतलं, की पाहा तुझ्या नवऱ्याचं काम. भावानं ती भाकरीसारखी चपटी केली, हातोडी जागेवर ठेवली, पायात चपला घातल्या आणि गेला. परत आला नाही. पत्र नाही, निरोप नाही. बाबांनी ती ठेचलेली घागर खिळ्याला टांगून ठेवली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून. भावाच्या बसायच्या जागेवर कोणी बसायचं नाही असंही सांगितलं. मला वाटायचं, माया आहे. नव्हती. ती जागा त्याच्यासाठी नाही, त्याच्यावरच्या रागासाठी राखली होती.

वहिनीचं नाव शेवंता, माहेर पारशिवनीकडचं. दीड वर्ष ती आमच्या घरात नवऱ्याशिवाय राहत होती. चिंच आणि राख घेऊन आम्ही ठोकलेली भांडी घासायचं काम तिचं. चिंचेनं तिच्या बोटांच्या फटी सोलून निघायच्या, आणि त्याच हातांनी ती भाकरी थापायची. तिच्या हातच्या वांग्याच्या भाजीवर लाल तर्री अशी तरंगायची की ताट पाहूनच घाम फुटावा. ती स्वतः सगळ्यांनंतर जेवायची, उरलंसुरलं. आत्या म्हणायची, "नवऱ्याले घरात ठेवता नाई आलं, तिले कायची वं भूक?" वहिनी हिरव्या काचेच्या बांगड्या घालायची, दोन्ही हातांत भरून. पाणी ओढताना, पीठ मळताना त्या वाजायच्या. त्या घरात ठोक्यांव्यतिरिक्त दुसरा आवाज तेवढाच होता.

भुलाबाईचे दिवस होते. आता प्रताप नगरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये सुनेला भुलाबाई म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. तेव्हा महिनाभर रोज संध्याकाळी पोरी एकेका घरी जमायच्या, मातीच्या भुलाबाई-भुलोजीसमोर टिपऱ्या घेऊन गाणी म्हणायच्या, आणि शेवटी खिरापत ओळखायची. घरची बाई डब्यात खाऊ लपवते, डबा कानाशी हलवून दाखवते, आणि आतमध्ये काय ते बाकीच्यांनी सांगायचं. त्या दिवशी आमची पाळी होती. दिवेलागण होऊन गेली होती, बाबा कारखान्यात कंदिलाच्या उजेडात हिशेबासाठी भांडी वेगळी करत होते, मी अंगणाच्या पायरीवर बसलो होतो. पोरींची गाणी संपली. वहिनीनं डबा हलवला. खडखड वाजला.

"लाडू," पोरी ओरडल्या.

"नाई."

"शंकरपाळे. चणे. भुईमुगाच्या शेंगा."

"नाई, नाई," वहिनी म्हणायची, आणि हसायची. तिला हसताना मी तेव्हा किती महिन्यांनी पाहिलं. डब्यात उकडलेले शिंगाडे होते, काळेकुट्ट, टोकदार. सकाळी मीच बाजारातून आणून दिले होते, म्हणून मला माहीत होतं. कोणाला ओळखता येईना.

समोरच्या घरच्या गोदाकाकू होत्या. गल्लीतली सगळ्यात मोठ्या तोंडाची बाई, कोणाचं बारसं असो की मयत, पुढे त्याच. त्या म्हणाल्या, "हरलो वं बाई आमी. पण असं कसं, डबा उघडाच्या आधी नाव घ्या लागते. घे मारोतीचं नाव."

वहिनीचं हसू गेलं. दीड वर्षात तिला कोणी नाव घ्यायला सांगितलं नव्हतं. बायकोनं नवऱ्याचं नाव एरवी तोंडातून काढायचं नाही, उखाण्यातच घ्यायचं, आणि उखाणाही कोणी म्हटल्याशिवाय घ्यायचा नाही. म्हणजे दीड वर्षं त्या बाईनं आपल्या नवऱ्याचं नाव उच्चारलं नव्हतं. तिनं आत्याकडे पाहिलं. आत्या वाती वळत राहिली.

"लाजते काहून वं? घे ना. आम्हाले शिंगाड्यासारखं तोंड करून नको दाखवू," गोदाकाकू म्हणाल्या. डब्यात काय आहे ते न ओळखता त्यांनी बरोबर बोलून टाकलं, आणि ते वहिनीला आणि मलाच कळलं. तिला पुन्हा हसू आलं. मला वाटतं त्या हसण्यानंच तिचा घात केला. तिनं पदर सारखा केला, वर पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"तांब्याच्या घागरीवर ठोक्यांची नक्षी,
मारोतरावांचं नाव घेते, चंद्र-तारे साक्षी."

शेवटचा शब्द तिच्या तोंडात असतानाच उजेड पडला. मी पायरीवर होतो, मला वाटलं कोणी मागून मशाल आणली. मग पाहतो तर समोरच्या भिंतीवर आम्हा सगळ्यांच्या सावल्या पडल्या होत्या आणि त्या सरकत होत्या, जणू भिंतीच्या आतून माणसं पळत सुटली आहेत. वर पाहिलं. गोदाकाकूंच्या कौलांवरून एक गोळा आला. पांढरा, कडेला हिरवा, तांबं भट्टीत जास्त तापलं की जी हिरवी ज्योत निघते अगदी तसा. मागे लांब शेपूट, त्यातून ठिणग्या गळत होत्या. अंगणातला प्रत्येक दगड दिसत होता, भुलाबाईच्या मातीच्या नाकातली नथ दिसत होती. तो आमच्या डोक्यावरून गेला, दोन तुकडे झाले, आणि विझला. मग इतका अंधार पडला की मला शेजारची पोरगी दिसेना.

आणि मग, आम्ही श्वास घेतो न घेतो तोच, पुष्कळ लांबून, जमिनीच्या खालून आल्यासारखा गडगडाट झाला. कारखान्यात भिंतीवरची सगळी भांडी एकदम गुणगुणायला लागली. कोणी हात न लावता. घागरी, गुंड, पातेली, सगळी. मी तांब्यात वाढलो, पण तांबं असं बोलताना मी एकदाच ऐकलं.

आमच्याकडे समज असा की तारा तुटताना दिसला तर तोंड मिटायचं. त्या वेळी ज्याचं नाव कोणाच्या तोंडात असेल, त्याचाच तो तारा. तो गेला. लहान पोरंसुद्धा तारा दिसला की दोन्ही हातांनी तोंड दाबायची. हे सगळ्या अंगणाला माहीत होतं, म्हणून कोणी बोलत नव्हतं.

आत्यानं वाती खाली ठेवल्या. "शेवंते," ती म्हणाली, अगदी हळू, "कोनाचं नाव होतं वं तुह्या तोंडात?"

वहिनी म्हणाली, "यायनंच म्हटलं, घे म्हणून." आणि तिनं गोदाकाकूंकडे पाहिलं.

"मी? मी तर गंमत केली, बाई. आता तारा तुटन हे मले का माहीत होतं? तुह्या जिभेवर होतं, माह्या नाई." असं म्हणून गोदाकाकूंनी पोरींना दाराबाहेर हाकललं. जाता जाता त्यातल्या एकीनं डबा उघडून पाहिला आणि फ्रॉकच्या ओच्यात शिंगाडे भरून घेतले. मी ते पाहिलं. अजून दिसतं.

बाबा कारखान्यातून हातात कंदील घेऊन आले. त्यांनी एकच विचारलं, "कोनाचं नाव?"

"मारोतीचं," आत्या म्हणाली.

मी बाबांचं तोंड पाहिलं. लिहायला मला संकोच वाटत नाही, कारण मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांचं तोंड सैल झालं. दीड वर्ष ज्या माणसाच्या जबड्यात दगड धरलेला होता, त्यानं तो सोडला. माझा पोरगा मला सोडून गेला, हे त्यांना गल्लीत सांगता येत नव्हतं. माझा पोरगा मेला, हे सांगता येणार होतं. ते म्हणाले, "बरं. समजलं तरी."

मी म्हटलं, "बाबा, काय समजलं? ना पत्र, ना मानूस. आभाळात काही जळलं म्हणून भाऊ मेला?"

"दीड वर्ष झालं बे नाम्या. जित्या मानसाले बाप आठवते."

"तुम्ही घागर ठेचायले लावली त्याच्याकडून. बाप आठवला म्हणूनच आला नसन."

त्यांनी कंदील खाली ठेवला, माझ्या कानाखाली मारली आणि कंदील पुन्हा उचलला.

पुढचं झटपट झालं. आत्यानं पाटा अंगणात ओढला. सासऱ्यानं सुनेला हात लावायचा नाही, म्हणून बाबा मला म्हणाले, "धर तिचा हात." मी हात मागे बांधून उभा राहिलो. गोदाकाकू पोरींना घालवून परत आल्या होत्या. त्यांनी धरला. नाव घे म्हणणारी तीच, मनगट पाट्यावर दाबणारी तीच. आत्यानं वरवंट्यानं एका हातातल्या बांगड्या फोडल्या, मग दुसऱ्या हातातल्या. काच बारीक होते, पण तिच्याआधी कातडी फाटते. कपाळावरचं कुंकू आत्यानं आपल्या लुगड्याच्या पदरानं पुसलं, आणि त्या पदराला आधीच राख होती, त्यामुळे वहिनीच्या कपाळावर काळं आडवं ओढल्यासारखं राहिलं.

वहिनी रडली नाही. आत्याला ते चाललं नाही. तिनं वहिनीच्या दंडाला चिमटा घेतला आणि पिळला. "रड ना वं. लोकं ऐकून राहिले. काय म्हनतीन, हिले सुटका झाल्यासारखं वाटलं?"

तेव्हा वहिनी बोलली. "ते आले तर?"

"आला तर तुले पाहून परत जाईन," आत्या म्हणाली.

बाबांनी सगळं ठरवून टाकलं होतं. प्रेत सापडत नाही अशा माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि घाटावर नेऊन जाळतात. उद्या सकाळीच करायचं, भटजींना आणि न्हाव्याला ते स्वतः बोलावून आणणार. भाऊ निपुत्रिक, म्हणजे धाकट्या भावानं अग्नी द्यायचा. "आग तू देशीन," ते मला म्हणाले.

"नाई दिली तर?"

"तर तुहाही तारा मी तोडीन."

सगळे आत गेले. वहिनी वाकून अंगणातली काच वेचत होती, सकाळी कोणाच्या पायात जाऊ नये म्हणून. मी पाणी आणून दिलं. तिनं मनगटं धुतली, पाणी लाल झालं. ती खाली पाहूनच म्हणाली, "भाऊजी, तारा तुटून कोणी मरत नाई. पण तुम्ही आग दिली ना, मंग ते खरंच मरतीन. मंग ते आले तरी या दारात त्यायले कोणी घ्यायचं नाई." एवढंच बोलली, आणि ओंजळभर हिरवी काच घेऊन आत गेली.

मागच्या दिवाळीत नातवानं मला मोबाईलवर दाखवलं, कुठल्याशा कॅमेऱ्यात असाच गोळा आला होता, हिरवा. म्हणाला, आजोबा, याला उल्का म्हणतात, लहानसा दगड असतो, हवेत घासून जळतो, कोणाचा काही संबंध नाही. मी म्हटलं, दगड तर दगड. पण आमच्याकडे तो आभाळात नाही पडला, तो वहिनीच्या मनगटावर पडला. तिच्या दोन्ही मनगटांवर ते पांढरे वळ शेवटपर्यंत होते. वहिनी गेली त्याला आता दोन वर्षं होतील. भाऊ कधी आला नाही. मेला की जगला, मला आजही माहीत नाही. पण वहिनीला मी हिरव्या बांगड्या आणि कुंकवानिशी नेलं, सवाष्ण म्हणून. घाटावर माणसं एकमेकांकडे पाहत होती, बहात्तर वर्षांची म्हातारी आणि हा हिरवा चुडा. सून मला एकदा म्हणाली होती, बाबा, तुम्ही त्यांना ना इकडचं ठेवलं ना तिकडचं. तेव्हा अग्नी दिला असता तर त्यांनी दुसरा संसार तरी केला असता. लोकही म्हणतात, म्हाताऱ्याच्या हट्टापायी त्या बाईचा जन्म गेला. म्हणोत. ती मला तसं कधी म्हणाली नाही. मी विचारलंही नाही.

सकाळी उजाडायच्या बेताला बाबा भटजींकडे गेले. अंगणात पळसाच्या पानांची मोळी येऊन पडली होती आणि आत्या तिच्यापाशी बसून पानं निवडत होती. मी अंघोळ करून कोरडं धोतर नेसलो. तिला वाटलं, पोरगा वठणीवर आला. मी तिच्यासमोरून कारखान्यात गेलो, दाराला आतून कडी घातली आणि भट्टीत कोळसा भरला. मोळीतली मूठभर वाळकी काटकी मी येतानाच उचलली होती, तिच्यावरच पेटवलं. भाता ओढला. खिळ्यावरची भावाची ठेचलेली घागर काढली, भट्टीत सरकवली, लाल झाली तेव्हा सांडशीनं काढून पाण्यात बुडवली आणि भावाच्या जागेवर जाऊन बसलो. ती पुन्हा घागर होणार नव्हती, पत्रा दुमडून चिरला होता, मला ठाऊक होतं. मला घागर नको होती. मला आवाज पाहिजे होता.

मी ठोकायला लागलो. गल्लीत त्या सकाळी आमच्या दाराशी टोप्या सारख्या करून माणसं जमलीच होती, गोदाकाकूंनी रातोरात निरोप फिरवला होता. पहिले काही ठोके पडले तसे बाहेरचे आवाज थांबले. मग कोणीतरी म्हणालं, "काम चालू हाय ना बे यांच्याकडे." आत्या दारावर हात आपटत होती. बाबा भटजींना घेऊन आले तेव्हा सगळी गल्ली बाहेर होती. भटजी दारात थांबले, त्यांनी ऐकलं, आणि म्हणाले, "भट्टी पेटलेल्या घरात मी पानाला हात लावणार नाही. आधी घरात काय ते ठरवा." आणि ते वळले, आणि त्यांच्यामागे न्हावी वळला.

कडी तुटून दार माझ्या पाठीवर येऊन आदळलं. बाबांच्या हातात काय होतं ते मी पाहिलं नाही, लोखंडाचं होतं. पाठीवर बसलं, खांद्यावर बसलं. मी हात थांबवला नाही. मध्ये भट्टी मंद झाली तेव्हा मला वाटलं आता संपलं, आणि तेवढ्यात भाता ओढल्याचा आवाज आला. वहिनी आत आली होती. मनगटांना फडकं बांधलेलं, कपाळ काळं, आणि ती दोन्ही हातांनी भाता ओढत होती.

बाबा दमले. धापा टाकत म्हणाले, "आग तुले द्यायले सांगतली होती मी, हरामखोरा."

मी भट्टीकडे बोट केलं. "दिली ना," म्हटलं, आणि पुढचा ठोका मारला.